वळवाच्या वादळाचा अंदाज आणि नुकसानीची पाहणी : बेळगाव सीमाभागासाठी टप्प्याटप्प्याची पद्धत

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे वादळ होऊन गेले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मा पुरावा नाहीसा झालेला असतो. रस्त्यावर आडवी झालेली झाडे तोडून कडेला ओढली जातात, उडालेले पत्रे गोळा करून भिंतीला टेकवले जातात, मोडलेले विजेचे खांब बदलले जातात आणि त्यानंतर कोणीतरी पाहणीला निघतो. तेव्हा हाती उरतात ती मोबाइलवरची दोन-चार दृश्ये आणि ‘चक्रीवादळच होते’ हे ठाम विधान. पुढच्या वर्षी पुन्हा तसेच वादळ येते आणि मागच्या वेळी वारा कोठून आला होता, पट्टा किती रुंद होता, इशारा किती आधी मिळाला होता, यांपैकी काहीच कोणाला सांगता येत नाही.

हा लेख खानापूर ते अथणी या पट्ट्यातील विज्ञान शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, कृषी पदवीधर आणि मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. नुकसान किती मोठे झाले यावरून वाऱ्याचा प्रकार ठरत नाही. पडलेल्या वस्तूंच्या दिशा नकाशावर मांडल्या म्हणजे तो ठरतो. म्हणून पुढच्या टप्प्यांत सर्वाधिक जागा दिशेच्या नोंदीला दिली आहे.

टप्पा १ : हंगामापूर्वीची तयारी

ही तयारी मार्चअखेर पूर्ण असावी, कारण ढग दिसू लागल्यावर ॲप उतरवत बसण्याला अर्थ नसतो. मोबाइलमध्ये भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजांसाठीचे ‘दामिनी’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ही ॲप ठेवावीत. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे ‘सिडिलु’ हेही विजांचेच ॲप आहे. राज्य केंद्राच्या सूचना बहुधा कन्नडमध्ये येतात. ज्यांना कन्नड सफाईने वाचता येत नाही त्यांनी निदान गुडुगु म्हणजे गडगडाट, सिडिलु म्हणजे वीज, बिरुगाळी म्हणजे वादळी वारा आणि आलिकल्लु म्हणजे गारा एवढे चार शब्द लिपीसह ओळखता येतील असे पाहावे.

पाहणीच्या पिशवीत कागदाची वही, पेन्सिल, तीस मीटरची टेप, साधे चुंबकीय होकायंत्र, पॉवर बँक, जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे असावेत. मोबाइलमधले होकायंत्र चालते, पण दर दिवशी ते आठच्या आकारात फिरवून जुळवून घ्यावे लागते. गावाचा उपग्रह नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा, कारण वादळानंतर वीज जाते आणि तिच्यामागोमाग मोबाइलचे मनोरेही बंद पडतात.

आणखी एक काम बहुतेकांकडून राहून जाते. गावातली मोठी झाडे, गोठे, पोल्ट्री शेड, होर्डिंग आणि जुनी कौलारू घरे यांची वादळाआधीची छायाचित्रे काढून ठेवावीत. चिंचेचे झाड आधीच पोखरलेले होते की नाही, हे ते पडल्यावर ठरवणे अवघड असते, आणि पडण्याआधीचा फोटो असेल तर वाद उरत नाही.

टप्पा २ : अंदाज कोणाचा आणि कोणत्या वेळेचा

सीमाभागात सर्वात जास्त होणारी चूक ही आहे. आपण मराठी वाहिन्या पाहतो, आणि त्यांवर कोल्हापूर-सांगलीसाठी दिलेला इशारा निपाणी किंवा कागवाडलाही लागू आहे असे धरून चालतो. ढग राज्याची सीमा पाळत नाहीत हे खरे, पण इशारे पाळतात. कोल्हापूर आणि सांगली मध्य महाराष्ट्र या उपविभागात येतात आणि तेथील जिल्हानिहाय इशारा मुंबईहून निघतो. बेळगाव जिल्हा उत्तर अंतर्गत कर्नाटकात मोडतो आणि त्याचा इशारा बेंगळुरूच्या हवामान केंद्राकडून येतो. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या घाटमाथ्याच्या गावांनी त्याबरोबर गोव्याचा आणि किनारी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याचा इशाराही पाहावा. सीमेवरच्या गावाने किमान दोन्ही बाजूंचे दोन जिल्हे रोज पाहावेत आणि दोन्ही वहीत लिहावेत.

इशाऱ्याचा रंग म्हणजे वाऱ्याचा वेग नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. वाऱ्याची तीव्रता हवी असेल तर तीन तासांसाठी निघणारा तात्कालिक अंदाज वाचावा. त्यात ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वारा असलेले वादळ हलके, ४१ ते ६१ मध्यम, ६२ ते ८७ तीव्र आणि ८७ पेक्षा अधिक असल्यास अतितीव्र धरले जाते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; त्यामुळे ६० चा वारा ९० झाला तर पत्र्यावरचा दाब दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. मध्यम आणि तीव्र यांतले अंतर आकड्यांत दिसते त्याहून पुष्कळ मोठे आहे, ते यामुळे.

*तपासणी :* वहीत अंदाजाखाली तो निघाल्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत लागू आहे ती वेळ, अशा दोन्ही वेळा लिहिल्या आहेत का? नुसते ‘आज ऑरेंज अलर्ट होता’ ही नोंद नंतर निरुपयोगी ठरते.

टप्पा ३ : दुपारच्या हवेचे वाचन

वळवाच्या वादळाला जमिनीलगतचा ओलावा, वर जाताना झपाट्याने थंड होणारी हवा आणि त्या हवेला वर ढकलणारे एखादे कारण, अशा तीन गोष्टी लागतात. आपल्याकडे हे कारण बहुधा पश्चिमेकडून घाट चढून येणारी दमट हवा आणि पूर्वेकडची कोरडी, तापलेली हवा यांच्या गाठीतून, किंवा मध्य भारतापासून कर्नाटकाच्या अंतर्भागावरून दक्षिणेकडे उतरणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यातून मिळते. हे सर्व घरबसल्या मोजता येत नाही. मात्र एक गोष्ट मोजता येते, आणि तिचा उपयोग फारच थोडे लोक करतात.

दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान तापमान आणि दवबिंदू (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान) पाहावा. बेळगावच्या सांब्रा विमानतळाच्या निरीक्षणात ही दोन्ही मूल्ये एकत्र मिळतात. दोहोंतला फरक अंशांत काढून त्याला १२५ ने गुणले की ढगाचा तळ जमिनीपासून अंदाजे किती मीटर उंच असेल ते कळते. समजा, अथणीकडे तापमान ३८ आणि दवबिंदू २० आहे. फरक १८, म्हणजे तळ सुमारे २,२५० मीटरवर. खानापुरात तापमान ३३ आणि दवबिंदू २२ असेल तर तळ सुमारे १,३७५ मीटरवर येतो. तळ जितका उंच तितका पावसाला खाली पडताना जास्त कोरड्या हवेतून यावे लागते. त्यातला बराच भाग वाटेतच वाफ होतो, त्यामुळे हवा थंड व जड होते आणि वेगाने खाली आदळून चारी बाजूंना पसरते. याला डाउनबर्स्ट म्हणतात. रायबाग-अथणीकडे चार थेंब पडून पत्रे उडतात आणि खानापुरात धो धो पाऊस पडूनही वारा बेताचा राहतो, याचे एक मोठे कारण हे आहे.

*इशारा :* पाऊस किती पडला यावरून वादळाची तीव्रता ठरवू नये. पर्जन्यमापकात दोन मिलिमीटर भरलेल्या दिवशीही शेड पडू शकते.

टप्पा ४ : रडारचे चित्र वाचणे

आपल्यासाठी सर्वात जवळचे नेहमी पाहता येणारे डॉप्लर रडार गोव्याचे आहे. ते पाहताना तीन गोष्टी क्रमाने कराव्यात.

पहिली म्हणजे वेळ. चित्रावरची वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. ११:३० असे लिहिलेले चित्र संध्याकाळी पाचचे असते. ‘रडारवर तर सकाळीच ढग होता’ अशी चुकीची विधाने याच गोंधळातून होतात.

दुसरी म्हणजे ढगाची चाल. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत त्याच गाभ्याने किती अंतर कापले ते मोजावे. अर्ध्या तासात २० किलोमीटर म्हणजे ताशी ४०. ढग हुक्केरीपासून ३० किलोमीटरवर असेल तर तो पाऊण तासात पोहोचेल. वाऱ्याची आघाडी मात्र पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावते, म्हणून या पाऊण तासातली दहा-पंधरा मिनिटे वजा करूनच सावध व्हावे. एका तासापलीकडे हा हिशेब ताणू नये, कारण वळवात जुने ढग विरतात आणि त्यांच्या थंड वाऱ्याच्या कडेवर नवे उभे राहतात. चाल मोजलेला ढग पोहोचण्याआधीच दुसरा डोक्यावर आलेला असतो.

तिसरी म्हणजे रडारला काय दिसत नाही हे ध्यानात ठेवणे. रडारचा झोत जसजसा दूर जातो तसतसा तो पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीपासून उंच होत जातो. गोव्याच्या रडारचा अर्ध्या अंशाचा झोत चिकोडीपाशी समुद्रसपाटीपासून दोन किलोमीटरांहून वर आणि अथणीपाशी साडेतीन किलोमीटरांहून वर असतो, आणि मध्ये सह्याद्री आडवा येतो तो वेगळाच. त्यामुळे जमिनीलगतचा डाउनबर्स्ट किंवा लहान फिरता वारा त्या चित्रात दिसला नाही, एवढ्यावरून तो नव्हता असा निष्कर्ष काढता येत नाही. पन्नास डीबीझेडहून (ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींची ताकद मोजण्याचे एकक) वरचा गाभा म्हणजे जोरदार पाऊस किंवा गारा. साठच्या वर गेला तर गारांची शक्यता पक्की धरून द्राक्षबागेतली आणि शेतातली माणसे आत बोलवावीत.

विजेसाठी हिशेब सोपा आहे. चमक आणि आवाज यांतले सेकंद तीनने भागले की किलोमीटर मिळतात. हे अंतर तीस सेकंदांच्या आत आले की आडोशाला जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटे बाहेर पडू नये. पाहणीला निघणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे, आणि उत्साहाच्या भरात तो सर्वात आधी मोडतात तेच.

टप्पा ५ : वादळानंतरचे पहिले तास

पहिला क्रम माणसांचा आणि तारांचा. तुटलेली तार मेलेली आहे असे कधीही गृहीत धरू नये. उपकेंद्रातून पुरवठा बंद असला तरी एखाद्याच्या जनरेटरमधून किंवा इन्व्हर्टरमधून त्या तारेत वीज उलटी येऊ शकते. तार दिसली की लांब थांबून १९१२ वर हेस्कॉम या वीज कंपनीला कळवावे आणि ते काम संपेपर्यंत त्या भागाची पाहणी सोडून द्यावी. लोंबकळणारा पत्रा, भिजलेली मातीची भिंत आणि अर्धवट कललेले झाड यांच्याखाली उभे राहून फोटो काढू नये. फुटलेले सिमेंट पत्रे कोरडे हाताळू नयेत, त्यांची भुकटी फुप्फुसांना घातक असते.

त्यानंतर लगेच, साफसफाईच्या आधी, छायाचित्रे. येथे रस्ता मोकळा करणाऱ्यांशी भांडण काढू नये, रुग्णवाहिकेची वाट अडवून विज्ञान होत नाही. झाड तोडायला सुरुवात होण्यापूर्वी दोन मिनिटे मागून घ्यावीत. प्रत्येक वस्तूचे तीन फोटो पुरतात : बुंध्याकडून शेंड्याकडे पाहत एक, मोडलेल्या जागेचा जवळून एक, आणि परिसर दिसेल असा दुरून एक. मोबाइलमध्ये स्थळनोंद चालू असावी. फोटोत माणसे हात दाखवत उभी असली की नेमका बुंधा झाकला जातो. त्यांना नम्रपणे बाजूला व्हायला सांगावे.

तलाठ्यांचा पंचनामा आणि ही पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचनाम्यात मालक, सर्व्हे नंबर, पीक आणि नुकसान येते. त्यात दिशा येत नाही. म्हणून पंचनामा झाला की आपले काम संपले असे समजू नये, आणि उलट, आपल्या पाहणीसाठी पंचनामा अडवूनही धरू नये. आरटीसी उताऱ्यावरचा (कर्नाटकातला सातबारा) सर्व्हे नंबर मात्र आपल्या वहीतही लिहावा, म्हणजे दोन्ही नोंदी नंतर जुळवता येतात. पीकविमा घेतलेल्या शेतकऱ्याने गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते. पाहणी करताना हे प्रत्येकाला सांगत जावे. गारा पडल्या असतील तर त्या वितळण्याआधी मोजपट्टी किंवा नाणे शेजारी ठेवून फोटो काढावा.

टप्पा ६ : दिशांची नोंद

या टप्प्यासाठी दोन माणसे लागतात, एक होकायंत्र धरणारा आणि एक लिहिणारा.

१. पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी उभे राहून शेंड्याकडे तोंड करावे आणि होकायंत्रावरचा अंश वाचावा. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक आपल्या भागात एवढा थोडा आहे की या कामात तो सोडून द्यावा.

२. वहीत केवळ ‘शेंडा कोणत्या अंशाकडे’ एवढेच लिहावे. ‘पश्चिमेचा वारा’ असे लिहू नये. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला, आणि त्याने पाडलेले झाड पूर्वेकडे पडते. एकाने वाऱ्याची दिशा आणि दुसऱ्याने झाडाची दिशा लिहिली की संपूर्ण वही बाद होते. हा गोंधळ इतका नेहमीचा आहे की रकान्याच्या डोक्यावर ‘शेंडा’ हा शब्द ठळक लिहून ठेवावा.

३. मोटारसायकल, पत्रे, लोखंडी खांब किंवा ट्रान्सफॉर्मर यांच्यापासून काही पावले दूर जाऊन वाचन घ्यावे. लोखंडाजवळ सुई भरकटते आणि आपल्याला ते कळतही नाही.

४. झाडांवर झाडे पडली असतील तर तळाचे झाड आधी पडले असे धरून अनुक्रम लिहावा. खालचे झाड ८० अंशांकडे आणि वरचे १४० अंशांकडे असेल तर त्या ठिकाणी वारा वळत गेला, ही माहिती एका फोटोपेक्षा मोलाची आहे.

५. उसाच्या फडाला सर्वाधिक वेळ द्यावा. निपाणीपासून उगारपर्यंतच्या पट्ट्यात मे महिन्यात आडसाली ऊस चांगला वाढलेला असतो, आणि लोळलेला फड एकाच वेळी शेकडो दिशा दाखवतो. रस्त्याकडेच्या एकुलत्या झाडाला मुळे, उतार, फांद्यांचे ओझे अशी दहा कारणे असू शकतात. उसाला तेवढी नसतात. मात्र लोळलेल्या उसाचे शेंडे काही दिवसांत पुन्हा वर वळू लागतात, म्हणून दिशा बुडख्याच्या कलावरून घ्यावी आणि हे काम दोन-तीन दिवसांत उरकावे. आखूड, नुकताच बांधणी झालेला ऊस लोळत नाही; तेथे वारा नव्हता असा अर्थ काढू नये. मक्याचे आणि केळीचेही तसेच वाचन घेता येते, पण केळीच्या बाबतीत घड कोणत्या बाजूला होता ते लिहावे, कारण झाड बहुधा घडाच्या ओझ्याने त्याच बाजूला झुकते.

६. काहीच पडले नाही अशा जागाही तितक्याच काटेकोरपणे नोंदवाव्यात. बहुतेक पाहण्या येथेच कोसळतात. नुकसान झालेल्या ठिकाणांचीच यादी केली तर पट्ट्याची कड कधीच सापडत नाही. पट्टा आडवा छेदणारे रस्ते आणि पायवाटा निवडून, सुस्थितीतल्या घरांपासून सुरुवात करून नुकसानीतून पार पुन्हा सुस्थितीतल्या घरांपर्यंत जावे, आणि असे छेद किमान तीन-चार घ्यावेत. हमरस्त्यानेच फिरले तर रस्त्याचाच नकाशा तयार होतो, वादळाचा होत नाही.

ड्रोनने हे काम झपाट्याने होते, पण सांब्रा विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये आणि अन्यत्रही आधी क्षेत्राचा नियम तपासावा.

*तपासणी :* संध्याकाळी वही बंद करण्यापूर्वी कोणतीही पाच वाचने निवडून फोटोशी ताडून पाहावीत. त्यात एकही उलटे निघाले, तर त्या दिवसाची सर्व वाचने पुन्हा तपासावीत.

टप्पा ७ : वस्तू किती कच्ची होती

तोच वारा एक शेड पाडतो आणि शेजारची सोडतो. म्हणून प्रत्येक दिशेपुढे वस्तूच्या मजबुतीची नोंद हवी. झाड मुळासकट उपटले की खोडात मोडले, खोड पोकळ होते का, रस्तारुंदीकरणात एका बाजूची मुळे कापली गेली होती का, जमीन भिजलेली काळी होती की मुरमाड, हे लिहावे. भिजलेल्या काळ्या जमिनीत धडधाकट झाडही बेताच्या वाऱ्याने उपटते.

पत्र्याच्या बाबतीत पत्रा कसा सुटला ते पाहावे. हुकाभोवतीचे भोक फाटून पत्रा गेला, हुकासकट गेला, की खालचे अँगल आणि पर्लिन (पत्रा ज्यांवर बसवतात त्या आडव्या पट्ट्या) हेही घेऊन गेला, हे तीन वेगळे प्रसंग आहेत आणि ते सामान्यपणे वाढत्या ताकदीचे असतात. एका बाजूने उघडा असलेला गोठा किंवा पोल्ट्री शेड वारा आत कोंडून घेतो आणि छप्पर खालून उचलले जाते. अशी शेड चारी बाजूंनी बंद असलेल्या घरापेक्षा कमी वाऱ्यात जाते. मंगलोरी कौले उडाली पण वासे-रीप जागेवर राहिले, तर तसेच लिहावे. ‘घर उद्ध्वस्त’ हा शब्द वहीत येऊ देऊ नये.

पिळवटलेला पत्रा हा फिरत्या वाऱ्याचा पुरावा मानण्याची फार सवय आहे. तो पुरावा नाही. एका कडेला अडकलेला पत्रा सरळ वाऱ्यातही पिळवटतो.

टप्पा ८ : वेळेचे पुरावे

माणसांच्या आठवणीतली वेळ पाऊण तासाने इकडे-तिकडे होते. पक्की वेळ हवी असेल तर उपकेंद्राच्या नोंदवहीत अकरा केव्हीचा फीडर किती वाजता ट्रिप झाला ते विचारावे. ही नोंद तटस्थ असते. पेट्रोल पंप, दूध डेअरी, पतसंस्था यांच्या सीसीटीव्हीतूनही वेळ मिळते, पण त्या घड्याळाची आणि मोबाइलच्या घड्याळाची त्याच वेळी तुलना करून फरक लिहून घ्यावा. ही घड्याळे सहसा बरोबर नसतात.

साक्षीदाराला ‘चक्रीवादळ दिसले का?’ असे विचारू नये, तो हो म्हणेल. ‘आधी काय ऐकू आले, धूळ कोणत्या बाजूने आली, पाऊस वाऱ्याच्या आधी की नंतर, गारा होत्या का, वारा किती वेळ टिकला’ असे विचारावे आणि त्याचेच शब्द लिहावेत.

पावसाच्या आकड्यात एक सापळा आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. १० मेच्या संध्याकाळचा पाऊस ११ मेच्या सकाळच्या नोंदीत येतो. राज्य आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापके ग्रामपंचायत पातळीवर आणि हवामान केंद्रे होबळी (तालुक्याखालचा महसुली विभाग) पातळीवर आहेत. त्यांचे आकडे मागताना तारीख आणि तास दोन्ही सांगावेत.

टप्पा ९ : नकाशावर मांडणी आणि निर्णय

आता सर्व दिशा बाणांच्या रूपात उपग्रह नकाशावर काढाव्यात. बाणाची शेपटी बुंध्याच्या जागी, टोक शेंड्याकडे. काहीच न पडलेल्या जागी लहान वर्तुळ काढावे. बाण पूर्ण होईपर्यंत कोणीही निष्कर्ष बोलू नये. एकाने ‘टोर्नेडो’ (ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरलेला फिरता वारा) म्हटले की बाकीच्यांना बाण तसेच दिसू लागतात.

बाण एखाद्या पंख्यासारखे एका जागेपासून उलगडत गेले असतील तर तो डाउनबर्स्ट. ढग सरकत असल्यामुळे पंखा पुढच्या दिशेने अधिक उघडतो आणि मागची बाजू अशक्त राहते. नुकसानीचा विस्तार चार किलोमीटरपेक्षा लहान असेल तर त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात, मोठा असेल तर मॅक्रोबर्स्ट. बाण कित्येक किलोमीटर एकाच दिशेचे, जवळजवळ समांतर असतील तर ती वादळाच्या आघाडीची सरळ झोड होय.

टोर्नेडोचा पट्टा अरुंद, लांब आणि सलग असतो आणि त्यातले बाण दोन्ही बाजूंनी मधल्या रेषेकडे वळतात. उत्तर गोलार्धात बहुतेक टोर्नेडो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. म्हणून तो ज्या दिशेने गेला तिकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या बाजूची झाडे पुढच्या दिशेला आणि जोरात पडलेली दिसतात, तर डावीकडची आत किंवा मागे वळलेली दिसतात. अशी रचना एका ठिकाणी नव्हे, तीन-चार छेदांत सलग सापडली तरच तो शब्द वापरावा. दक्षिण भारतात टोर्नेडो फारच दुर्मीळ आहेत. आपल्याकडच्या बहुतेक पाहण्या पंख्यावर किंवा समांतर बाणांवर येऊन थांबतील, आणि त्यात कमीपणा काही नाही.

कडक उन्हात, ढग नसताना उठणारी वावटळ ही निराळीच. तीही सुटे पत्रे उचलते, पण तिचा ढगाशी संबंध नसतो. वादळाच्या आघाडीवर गरगरणारी धूळ व्हिडिओत भयंकर दिसते. ती ढगाच्या तळाशी जोडलेली आहे का, हे दिसल्याशिवाय तिला टोर्नेडो म्हणू नये. चक्रीवादळ हा शब्द समुद्रावर तयार होणाऱ्या, शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रणालीसाठी राखून ठेवावा.

टप्पा १० : वेग लिहायचा की नाही

अमेरिकेत टोर्नेडोसाठी २००७ पासून वापरात असलेल्या सुधारित फुजिता मापनश्रेणीत नुकसानीचे २८ दर्शक आहेत आणि त्यांवरून तीन सेकंदांच्या झोताचा वेग अंदाजला जातो. तिची सर्वात खालची पायरी ताशी सुमारे १०५ किलोमीटरपासून सुरू होते. ते दर्शक तिथल्या बांधकामांवर बेतलेले आहेत. मातीच्या भिंतीवरचे कौलारू छप्पर किंवा हुकांवर बसवलेला सिमेंट पत्रा त्यांत नाही. त्यामुळे तिथला आकडा उचलून आपल्या गोठ्याला लावणे चुकीचे आहे, मग वाचणाऱ्याला तो कितीही शास्त्रीय वाटो. जवळ वारामापक नसेल तर ‘धडधाकट झाडे उपटली, पर्लिनसकट छप्पर गेले, आरसीसी घरांना धक्का नाही’ असे वर्णन लिहावे. वारामापकाचा आकडा मिळालाच, तर तो क्षणिक झोताचा की सरासरीचा आणि केंद्र पट्ट्यापासून किती दूर होते, हे सोबत लिहावे.

टप्पा ११ : अंदाजाशी ताळा

शेवटी टप्पा २ ते ४ मधल्या नोंदी पुढ्यात घ्याव्यात. पहिला जिल्हा इशारा किती तास आधी होता, तात्कालिक अंदाज निघाल्यापासून गावात वारा पोहोचेपर्यंत किती मिनिटे मिळाली, त्यात सांगितलेली तीव्रता प्रत्यक्षाशी जुळली का, आणि दुपारी काढलेली ढगाच्या तळाची उंची किती होती, एवढे एका तक्त्यात मांडावे. इशारा होता पण काही घडले नाही असे दिवसही याच तक्त्यात लिहावेत. ते वगळले तर अंदाज आहे त्याहून चांगला दिसतो, आणि इशारा नसताना वादळ झालेले दिवस वगळले तरीही तसेच होते.

अहवाल दोन पानांपेक्षा मोठा असू नये : नकाशा, तक्ता, वेळा, आणि न सुटलेले प्रश्न. त्याची प्रत ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात द्यावी. मूळ वही आणि मूळ फोटो मात्र तसेच जपून ठेवावेत. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतील स्थळ आणि वेळ निघून जाते, म्हणून मूळ फाइल केबलने संगणकावर उतरवून घ्यावी. महिन्याभराने आकाश निरभ्र मिळाल्यास सेंटिनल-२ उपग्रहाची दहा मीटर तपशिलाची मोफत चित्रे पाहून लोळलेल्या फडांचा पट्टा ताडता येतो. बाण आणि उपग्रहातला पट्टा जुळला नाही तर अहवालाला दुरुस्तीचे पान जोडून त्यावर तारीख घालावी.